चांगला पाय कोणता?

अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

संध्या,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. दहावीच्या मुलांना मी दरवर्षी पत्रलेखन शिकवते. 'प्रिय' कुणाला, 'सप्रेम नमस्कार' कुणाला, याचा तक्ता फळ्यावर काढून देते. बारा वर्षं न बोललेल्या मैत्रिणीसाठी त्या तक्त्यात रकाना नाही, म्हणून नुसतं संध्या.

मी पौर्णिमा. हॉस्टेलची, खोली नंबर सोळा, खिडकीखालची खाट तुझी आणि दाराजवळची माझी. फोन केला असता, पण तू मला ब्लॉक केलेलं आहेस. तुझा हक्क आहे तो.

कारण गुडघा. घाबरू नकोस, फार काही नाही. तू घाबरशील असं मी कशावरून धरलं, कोण जाणे. डावा गुडघा दुखतो. जिना उतरताना, जमिनीवरून उठताना, आणि बराच वेळ बसून एकदम उभं राहिलं की. इतका थोडा की दुखतो म्हणायची लाज वाटते, आणि इतका सतत की विसरता येत नाही. दहावी 'ब' तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे दिवसातून चार वेळा चढउतार होते. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की मी सांगते, खो-खोची जुनी दुखापत. हे सांगताना मान जरा ताठ होते, खोटं कशाला बोलू.

राजापेठेजवळ वर्षाली नावाच्या फिजिओथेरपिस्ट आहेत, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी एक्स-रे पाहिला, गुडघा वाकवला, सरळ केला, म्हणाल्या, "हाडाले काही नाई मॅडम. मांडीचा स्नायू कच्चा पडला. औषधापेक्षा व्यायाम करा लागते." गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, दहा अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी, आणि दोन्ही पायांनी. (मी मनात म्हटलं, उजव्याला काय धाड भरली आहे?) सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आणि जिन्याचा नियम असा की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हा नियम मी वहीत लिहून घेतला, तरी रोज पहिल्या पायरीवर थांबते.

मग त्यांनी विचारलं, "तवा नेमकं झालं कसं? कोण्या बाजूले पडल्या होत्या?" मी सुरू केलं, की मी चौकटीत बसले होते, आमच्या कॅप्टनने मागून खो दिला, खो कसला, धक्काच दिला, आणि मी... इथे गाडी अडली. पुढे पडले हे नक्की. कोणत्या अंगावर, ते आठवेना. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, आणि शंभरदा कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

तुला आठवतं का? एवढंच विचारायला हे पत्र.

नाही, एवढंच नाही. तुझा पत्ता मला कुठून मिळाला, हा प्रश्न तुला पडलाच असेल. तुझ्या अर्जावरून मिळाला. अकोल्याच्या ज्या शाळेत तू खो-खो प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला आहेस ती आमच्याच संस्थेची. अर्ज इथे अमरावतीच्या कार्यालयात आले, आणि खेळ माहीत असलेली शिक्षिका म्हणून ते माझ्याकडे अभिप्रायाला दिले. वीस डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे. हे तुला कळवणं नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही.

उत्तर लिही. नाही लिहिलंस तरी मी समजून घेईन, असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर मी समजून घेणार नाही.

पौर्णिमा


अमरावती
२५ नोव्हेंबर

संध्या,

पत्र मिळालं असेलच. आठवडा झाला. अकोला काही सातासमुद्रापार नाही.

शेषराव सर आज परत भेटले. हे संस्थेचे सचिव, स्वभावाने सरळ, खेळातलं ओ की ठो कळत नाही. अर्ज आले त्या दिवशी मला त्यांना खो-खो पहिल्यापासून समजावून द्यावा लागला होता. आठ जणी ओळीने चौकटींत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांच्या मागे धावते, आणि वाटलं की बसलेल्या एकीच्या पाठीमागे येऊन पाठीला हात लावते अन् 'खो' म्हणते. ही उठून धावते, ती हिच्या जागी बसते. सगळं ऐकून ते म्हणाले होते, "म्हंजे मागून हात लावला की उठा लागते. बरं आहे. ऑफिसात असंच पायजे."

आज त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, अकोल्याच्या त्या बाईचं काय करून राहिले? स्टाफरूममधी ऐकलं म्या, तुमचा गुडघा त्याच बाईनं फोडला म्हणते. अशी बाई पोरींवर कशी सोडाची? तुमी नाई म्हणा, मी आजच नाव काटतो."

मी 'हो' म्हणाले असते तर दोन सेकंदांचं काम होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. का म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही. तू माझ्या पाठीत धक्का मारलास, आठशे पोरांसमोर, हे खरं. त्यानंतर मी खेळले नाही, हेही खरं. मग विचार कसला करायचा राहिला?

वर्षाली मॅडमचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही, त्यामुळे होतं सगळं. जिना उतरायला लागले की वाटतं, पडले कशी होते? तेवढ्यात नियम आठवतो, उतरताना दुखरा आधी. मग दुखरा कोणता म्हणून मी पायांकडे बघत उभी राहते आणि मागून येणारी पोरं म्हणतात, "मॅडम, जाऊ का?" परवा घरी गच्चीच्या जिन्यात अशीच उभी होते. नितेश, म्हणजे माझा नवरा, खालून ओरडला, "अवं, पाय टाक ना! जिना काय पळून चालला का?" सासूबाईंचं वेगळंच. त्यांनी रुईच्या पानांना एरंडेल लावून, तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधलं. बरं वाटलं, कबूल करते. मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या टॉवेलानं काय होते? बिब्बा लावा लागते. एकच चटका, अन् जनमभराचं काम होते." मी हात जोडले.

व्यायाम नेमाने करते, फक्त डाव्याचा. उजवा ठणठणीत आहे, त्याला कशाला शिक्षा.

तुझा अर्ज मी पुन्हा वाचला. अनुभवाच्या रकान्यात तू लिहिलं आहेस, औषधाच्या दुकानात काम, आणि सहा वर्षांपासून रोज संध्याकाळी मोकळ्या मैदानात वस्तीतल्या मुलींना शिकवते. राज्यस्तरीय सहभागाच्या रकान्यात तू एक सरळ रेघ ओढली आहेस, पट्टीने. त्या रेघेबद्दल मला आज काही लिहायचं नाही.

पौर्णिमा


अमरावती
३ डिसेंबर

संध्या,

हे पत्र नीट लागणार नाही, कारण मलाच काही लागत नाही. जसं घडलं तसं लिहिते.

काल वर्षाली मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, दोन्ही पायांचा व्यायाम चालू आहे ना? मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही मांड्यांना टेप लावून माप घेतलं आणि हसल्या. "मॅडम, मास्तरणी असून खोटं बोलता? हा उजवा पाय पहा, डाव्यापेक्षा बारीक आहे." मग त्यांचं लक्ष उजव्या गुडघ्याकडे गेलं. आतल्या बाजूला चार आण्याएवढा काळा डाग आहे. रूममध्ये तू पाहिलेला नाहीस, कारण... थांब, ते पुढे येतं.

"हे कायचं?"

"बिब्ब्याचं. आईने लहानपणी लावला असेल," मी म्हटलं. आमच्याकडे कोणाला बिब्ब्याचा डाग नाही? पोट दुखलं बिब्बा, पाय मुरगळला बिब्बा. त्या डागाचा मी कधी विचारच केला नव्हता.

"लहानपणी कशासाठी?"

त्यांनी सहज विचारलं होतं, पण मी घरी येऊन तिवश्याला आईला फोन लावला.

"लहानपणी कायचं व?" आई म्हणाली. "तू कॉलेजातून लंगडत आली होती, खो-खोत पडून, तवा लावला. बिब्बा सुईले टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसं तुह्या गुडघ्याले लावलं. असा फोड आला, का तू मले तीन दिवस बोलली नाई. भुलली का?"

"कोणत्या गुडघ्याला, आई?"

"आता हे काय विचारनं झालं? ज्याले डाग हाये त्याले!"

संध्या, डाग उजव्याला आहे.

मी उठून दोन्ही गुडघे पाहिले, मग बसले, मग परत पाहिले. डाव्यावर काही नाही. तिळाएवढंसुद्धा नाही.

आज शाळा सुटल्यावर परत वर्षाली मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "असंच असन. उजवा तवा दुखला, तर तुमी भार डाव्यावर द्याले लागल्या. उजवा बरा झाला, पण सवय काही गेली नाई. बारा वर्षं डावा एकटाच वागवून राहिला तुमाले. म्हणून उजवा बारीक पडला अन् डावा थकला." मी विचारलं, "म्हणजे माझा दुखरा पाय कोणता?" त्या म्हणाल्या, "दुखते तो डावा, कच्चा आहे तो उजवा." "मग जिना चढताना चांगला पाय आधी, तो कोणता?" त्यांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, सध्या कठडा धरून चला."

म्हणजे बारा वर्षं मी जो गुडघा दाखवून 'हा बघा, संध्याने फोडला' असं सांगत आले, त्याला तू हातही लावला नव्हतास. पण ज्याला लागलं त्याच्यामुळेच हा दुखतो. मग दोष तुझा आहे का नाही? अर्धा आहे का? अर्धा दोष कसा धरायचा असतो? आणि मला डावा वाटला कशावरून? मी वेडी आहे का खोटारडी, याचाच उलगडा होत नाही. सध्या तरी वेडी म्हटलेलं मला जास्त चालेल.

पौर्णिमा

ता. क. डाग तू पाहिला नाहीस, कारण तिवश्याहून परत आल्यावर मी खोली बदलून घेतली होती.


तिवसा
८ डिसेंबर, रविवार

संध्या,

मी माहेरी आले आहे. आईच्या कोठीच्या खोलीत माझी कॉलेजची पत्र्याची पेटी आहे. सकाळी ती उघडली. वर तुरीचं पोतं होतं, ते आईने आणि मी मिळून सरकवलं. उकिडवं बसायचं नाही हे वर्षाली मॅडमनी बजावलेलं असताना मी बसले, आणि आता दोन्ही गुडघे बोलतात.

पेटीत तो कागद सापडला. माझ्या तक्रारीची झेरॉक्स. वर तारीख आहे ४ जानेवारी २०१३. सामना झाला १४ डिसेंबरला. म्हणजे तीन आठवड्यांनी लिहिली. तीन आठवड्यांनी माझा गुडघा दुखत नव्हता, संध्या. फोड वाळला होता, मी तिवश्याला गच्चीवर गहू वाळत घालत होते, उड्या मारत होते. दुखणं थांबल्यावर मी दुखापतीची तक्रार लिहिली.

कॉलेजच्या क्रीडा समितीने सांगितलं होतं, मैदानाचा नकाशा काढून कसं घडलं ते दाखवा. मी पट्टीने आठ चौकटी काढल्या, प्रत्येकीत बाण काढला, हिचं तोंड मंचाकडे, तिचं निंबाच्या झाडांकडे. मला एवढंच पक्कं आठवत होतं, की मेसच्या बाजूच्या खांबाकडचा गुडघा मुरगळला. तो डावा का उजवा, ते मी नकाशावरून काढलं. माझी चौकट चौथी, तोंड मंचाकडे, म्हणजे मेसचा खांब डाव्या हाताला. लिहून टाकलं, 'डाव्या गुडघ्यास दुखापत'. भूमितीचं गणित सोडवल्यासारखं.

आणि आज, त्याच कागदाकडे बघता बघता, मला तुझा आवाज आठवला. सामना सुरू होण्याआधी तू म्हणाली होतीस, "पुनी, तू आज पाचव्यात बस. चौथ्यात प्रतीक्षा बसते." मी त्या दिवशी पाचव्या चौकटीत होते. तोंड झाडांकडे. मेसचा खांब उजव्या हाताला.

एवढी साधी चूक आहे ही. खो-खो न खेळलेल्या माणसाला ती करताच येणार नाही. पण एकदा कागदावर डावा लिहिल्यावर मी डावाच सांगत गेले, डावाच चोळत गेले, आणि मग खरोखर तोच दुखायला लागला.

कागदाच्या शेवटी एक वाक्य आहे, मी तेव्हाही चांगलं मराठी लिहायचे. 'सदर धक्का हेतुपुरस्सर व आकसाने दिला असल्याने कर्णधारावर योग्य ती कारवाई व्हावी.' तुझं नाव राज्याच्या संघातून काढलं त्याला एवढं वाक्य पुरलं. समितीसमोर मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. तू दाराबाहेर उभी होतीस. तुला आत बोलावलं, कागद वाचून दाखवला आणि सही घेतली, असं नंतर कळलं. माझं ऐकून घेतलं आणि तुझं नाही, ते का, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. तिवश्याच्या पाटलांची पोर आणि बाळापूरकडची, भीमनगरातली पोर, यांत कोणाला खुर्ची मिळते हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते सोयीचं होतं.

आईला कागद वाचून दाखवला. ती तूर निवडत होती. म्हणाली, "ती काळी-सावळी, उंच पोरगी ना? तुले सोडाले आली होती एसटीनं. तुही बॅग तिच्याच खांद्यावर होती." मला हे आठवत नव्हतं. तू मला तिवश्यापर्यंत सोडायला आली होतीस?

अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही, आई जेवायला बोलावते आहे.

पौर्णिमा


अमरावती
१४ डिसेंबर

संध्या,

आज बरोबर बारा वर्षं झाली. राहिलेली गोष्ट लिहिते.

राज्याच्या संघाची यादी सामन्याच्या दिवशी सकाळी लागली होती. तुझं नाव दुसरं होतं. माझं खाली, राखीवमध्ये. म्हणजे मी गुडघ्यामुळे राहिले नाही. गुडघा धड असताना राहिले होते. तू मेसमध्ये येऊन माझ्या ताटात तुझी जिलबी टाकलीस आणि म्हणालीस, "पुढच्या साली." मी ती खाल्ली नाही.

सामन्यात तू मला खो दिलास तेव्हा मी उशिरा उठले. मुद्दाम. दुसऱ्यांदाही तेच केलं. तिसऱ्यांदाही. तुला वाटावं की उठता येत नाही, आणि पळणारी निसटावी, आणि आपण हरावं, आणि राज्याच्या संघातल्या कॅप्टनला ते सगळ्यांसमोर बघावं लागावं. इतका नीट विचार मी तेव्हा केला होता का, सांगता येत नाही. पण पाय उठायला तयार होते आणि मी त्यांना धरून ठेवलं होतं, हे मला माहीत आहे. चौथ्या वेळी तुझा हात जोरात बसला.

हे मी नितेशलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आता त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता काय करतं?"

जे केलं ते असं. मंगळवारी तक्रारीची ती झेरॉक्स घेतली आणि वह्या तपासायचा लाल पेन घेतला. 'डाव्या' खोडून 'उजव्या' केलं. मग 'हेतुपुरस्सर व आकसाने' खोडलं. समासात लिहिलं, 'मी तीनदा खो मिळूनही मुद्दाम उशिरा उठले होते.' खाली त्या दिवशीची तारीख घालून सही केली. सोबत वेगळ्या कागदावर अभिप्राय लिहिला, की अर्जदारांसोबत मी तीन वर्षं खेळले आहे, त्यांच्याइतका खेळ समजणारी दुसरी खेळाडू मी पाहिलेली नाही, आणि त्यांच्या अर्जात राज्यस्तरापुढे जी रेघ आहे ती माझ्यामुळे आहे. दोन्ही कागद शेषराव सरांच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. ते म्हणाले, "मॅडम, हे तुमी मले कावून देऊन राहिल्या? कोणी मागतलं होतं?"

"तुम्ही विचारलं होतं, अशी बाई पोरींवर कशी सोडायची म्हणून."

"बरं," ते म्हणाले. "तुमी लहान होत्या तवा." मग म्हणाले, "पण ते बी लहानच होती." आणि कागद फाइलला लावला.

स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी मी स्वतःहूनच सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. जमुना मॅडमनी बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघितलं. आता माझ्या गुडघ्याची चौकशी कुणी करत नाही. तो जरा कमी दुखतो, पण त्याचा याच्याशी संबंध लावू नये असं वर्षाली मॅडम म्हणतात. ते टॉवेलामुळे आहे म्हणे.

तुला जागा मिळेल की नाही, माहीत नाही. मिळाली तरी ती मी दिली असं नाही, आणि त्यात गेलेली वर्षं बसत नाहीत. माफी मागायची तर कशाची मागू, हेच मला नीट लावता येत नाही. धक्का खरा होता. गुडघा चुकीचा होता. उशीर माझा होता. तरी मागते, सगळ्याची मिळून. मला वाईट वाटतं, संध्या. तुझी आठवण येते. खोली सोळामधली ती खिडकीसुद्धा आठवते.

हे शेवटचं पत्र. उत्तर नाही आलं तर या वेळी मी खरंच समजून घेईन.

तुझी
पुनी


अकोला
२९ डिसेंबर २०२४

पौर्णिमा,

जय भीम.

तुही पाची पत्रं भेटली. मी शुद्धबिद्ध लिहीत नाई, मास्तरीण, लाल पेन खाली ठेव.

दुसरं पत्र फाडलं. पयलं बी फाडणार होती, पण त्यात टॉवेलाचं होतं, माह्या मायचे गुडघे दुखतात म्हणून ठेवलं. ते व्यायाम करून राहिली आता. तिले फरक आहे.

उजवाच होता. मले कोणाले विचारा लागत नाई. मेसवाल्या काकूच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कांड्या आणल्या अन् माह्या पांढऱ्या ओढणीनं तुह्या उजव्या गुडघ्याले बांधल्या. ओढणीवरचा मातीचा डाग गेला नाई. मंग तुले एसटीत बसवलं, संग आली, तिवश्यात तुह्या मायनं चहा पाजला, त्याच एसटीनं वापस आली.

तीन हप्त्यांनी त्या साहेबायनं तुहा कागद वाचला. धक्क्याचं वाचलं तवा मले काही वाटलं नाई. धक्का मी देल्लाच होता, अन् रागातच देल्ला होता. तू उठून नव्हती राहिली अन् कावून नव्हती राहिली, ते बी मले समजत होतं. जिलबी ताटात तशीच होती ना. पण त्यायनं 'डावा गुडघा' वाचलं अन् मी तिथंच बंद पडली. म्हटलं, इले एवढं बी याद नाई, का मी ओढणी कोण्या पायाले बांधली. मंग बोलाचं कायले? सही केली अन् आली. बारा वर्षं राग होता तो त्याचा होता, पुनी. संघाचा नंतर. तो बी होता, नाई म्हणत नाई. परीक्षेले बसली, पोलिसात भरतीले गेली, सगळीकडं राज्याच्या खेळाचा तो एक कागद पायजे होता.

आता तू म्हणतं, चौकटीचा घोटाळा झाला. मी तुहा नकाशा काढून पाह्यला, बरोबर आहे तुहं. मंग आता मी कायचा राग धरू, हे मले बी समजून नाई राहिलं. माफ केलं का ते विचारू नको. पाह्यतो.

शाळेचं पत्र आलं. दोन तारखेपासून बोलावलं. तुह्या शेषराव साहेबाचा फोन बी आला होता, विचारे, "बाई, खो हळू देता ना?" मी म्हटलं, आता हळू देतो.

आयतवारी पाच जानेवारीले पोरींची पयली प्रॅक्टिस आहे, सकाळी सात वाजता. नावं आठच पोरींची आली. एक धावन, सात बसन. एक चौकट खाली राहते, अन् मी कागदावर कशीबी बसवली त पाचवीच खाली राहते मले. बडनेऱ्याहून पयल्या गाडीनं ये. तुले उकिडवं बसता येत नाई, माहीत आहे, शाळेतून एक स्टूल काढून ठेवतो. टॉवेल दोन्ही पायाखाली घेत जा, त्या डॉक्टरीण बाईचं आयक. अन् जिन्यावर लय विचार नको करू.

खो मी हळूच देईन. पण उठजो.

संध्या